शून्य रजेची शाळा

माझा आवाज पहिल्यांदा गेला तो परिपाठात. प्रार्थना संपली होती, मुलं मैदानात ओळीनं बसली होती आणि मी सुविचार सांगायला पुढे झाले. तोंड उघडलं, ओठ हलले, आणि बाहेर आली ती नुसती हवा. मुलांना वाटलं, बाई गंमत करताहेत. पुढच्या ओळीतली दोघं-तिघं हसलीसुद्धा. मी खाकरले, पुन्हा बोलून पाहिलं, तेव्हा एक खरखरीत, फाटका आवाज निघाला. तो माझा नव्हता. त्या दिवशीचा सुविचार काय होता ते आता आठवत नाही. मी घाबरले होते, एवढं मात्र आठवतं.

शिक्षकाचा घसा बसणं ही काही बातमी नव्हे. उलट घसा चांगला असला तर लोक विचारतात, सुट्टीवर आहात का. त्यातून आमची जिल्हा परिषदेची शाळा शिरोली एमआयडीसीच्या कडेला. कुंपणापलीकडे फाउंड्री. तिथे दिवसभर लोखंड घासणारी मशिनं चालतात, आणि त्यांचा आवाज खिडक्या लावल्या तरी आत येतो. माझ्याकडे दुसरी आणि तिसरी असे दोन वर्ग, एकाच खोलीत. दुसरीला बेरीज समजावताना तिसरीला कविता पाठ करायला सांगायची, आणि ती कविता, ती मशिनं आणि डोक्यावरचा पत्रा या तिन्हींच्या वरून आपली बेरीज पोचवायची. बारा वर्षं मी हेच करत होते. माझा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जातो, याचा मला अभिमान होता. पालक म्हणायचे, "बाईंनी हाक मारली की कारखान्याचा भोंगा वाजल्यागत हुतंय."

पण ही भीती साध्या घशाची नव्हती. माझे वडील मुरगूडला प्राथमिक शिक्षक होते, आमच्या बौद्धवाड्यातले पहिले गुरुजी. त्यांचाही घसा असाच बसला. आधी थंडीनं, मग उन्हानं, मग कशानंही. ते हळद-दूध पीत राहिले, गळ्याला मफलर गुंडाळून शाळेत जात राहिले, आणि दाखवायला नेलं तेव्हा दाखवण्यासारखं फार उरलं नव्हतं. शेवटी शेवटी पाणी हवं असलं तरी ते खुणेनं मागायचे. पंधरा-पंधरा गावच्या पोरांना ज्यांचा पाढा ऐकून धडकी भरायची, त्या माणसाच्या घरात चमच्याचा आवाज मोठा वाटायला लागला होता. ते तंबाखू खायचे, मी खात नाही. हे मी स्वतःला दिवसातून कितीदा तरी सांगायचे. घशातल्या भीतीला मात्र ते पटत नव्हतं.

मग दवाखान्यात का गेले नाही? इथे ती योजना येते.

दर महिन्याला आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, शाळांचे शिक्षक एकत्र जमतात. त्याला शिक्षण परिषद म्हणतात. अशाच एका परिषदेत शिक्षण विभागातले एक साहेब आले होते. मनानं चांगले वाटले. शिक्षकांचं कामावरचं आयुष्य सुधारलं पाहिजे, त्यांना प्रोत्साहन मिळालं पाहिजे, तुम्हाला काय हवं ते मोकळेपणानं सांगा, असं म्हणाले. आम्हाला असं कुणी विचारायची सवय नाही. मग आमच्या शाळेतली तरुण बाई उठली. ती पहिलीला शिकवते, मुरगूडच्या अलीकडून दुचाकीवरून येते, आणि दोनदा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानं आजारी पडून उठलेली. तिनं सरळ सांगितलं, "साहेब, आम्हाला आतून कडी लागणारा संडास पायजे." आमच्या शाळेत मुलांची मुतारी आहे. आम्ही दोघी बायका शेजारच्या म्हातारीच्या घरी जायचो, तेही तिच्या सुनेचा मूड बघून. त्यामुळे दिवसभर पाणीच प्यायचो नाही. घसा त्यानंही सुकायचा, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

साहेबांनी लिहून घेतलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, पण स्पर्धा होऊन. केंद्रातल्या ज्या शाळेत वर्षभर एकाही शिक्षकाची एकही रजा पडणार नाही, त्या शाळेला शिक्षकांसाठी वेगळी खोली, तिला जोडून संडास-बाथरूम, पाण्याचा फिल्टर, आणि ऑनलाइन माहिती भरायला एक माणूस. पैसे कुठल्याशा कारखान्याचे. नाव 'शून्य रजा शाळा'. रजा ती रजा, मग ती आजारपणाची असो की घरातल्या मयताची. आम्ही संडास मागितला होता, त्यांनी शर्यत लावून दिली. भीक नको पण कुत्रं आवर, असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण तरुण बाईचा चेहरा असा उजळला की कुणी काही बोललं नाही.

आमचे मुख्याध्यापक पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. सगळं गाव त्यांना मोठे गुरुजी म्हणतं. रमजानच्या महिन्यात पाण्याचा थेंब न घेता चौथीचा वर्ग घेणारा आणि वर ऑफिसचं काम ओढणारा माणूस. त्यांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, "बाई, मी जायच्या आत तुमची ही एक सोय करून जाणार. एक वरीस कळ काढू."

आणि आम्ही कळ काढायला लागलो. पावसाळ्यात मोठे गुरुजी तापानं फणफणत खुर्चीत बसून राहिले. तरुण बाईच्या मावशीकडे लग्न होतं, ती संध्याकाळी जाऊन जेवून आली. केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर शनिवारी कुणाची रजा पडली ते यायचं. एकेक शाळा गळत होती. कुणाच्या सासऱ्याला अर्धांगवायू झाला की आम्ही 'अरेरे' लिहायचो आणि मनात मोजायचो, आता किती उरल्या. माणूस असा होतो हे मला माहीत नव्हतं. दिवाळीनंतर आम्ही आणि पलीकडच्या गावची शाळा, अशा दोनच राहिलो.

माझा आवाज गेला तो याच सुमारास.

मी कुणाला सांगितलं नाही. ज्येष्ठमध चघळला, लवंग दाढेत धरली, मिठाच्या गुळण्या केल्या. सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी अंथरुणातच हळू 'आ' करून बघायचे. आला तर पाय जमिनीला टेकायचे. काही दिवस दुपारपर्यंत टिकायचा, मग फुटायचा. गिळताना उजवीकडे काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. मी आरशात तोंड उघडून बघायचे आणि काही दिसायचं नाही, त्यानं जास्त भीती वाटायची. माझे मालक फाउंड्रीत कामाला आहेत, कमी बोलणारा माणूस. एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "अगं, जाऊन दाखव की. तुझ्या बाचं बघितलंस न्हवं?"

"अहो, रजा पडंल."

"मग पडू दे की. संडासापायी मरतीस काय?"

मी ताटावरून उठले. त्यांचं खरं होतं म्हणूनच राग आला.

शेवटी शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, कोल्हापुरात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं. पडद्यावर माझाच घसा दिसत होता, ओला, गुलाबी, आणि त्यात एका बाजूला फिकट पांढरट गाठ. मी तिकडे एकदाच बघितलं आणि नजर वळवली. डॉक्टर म्हणाले, "स्वरयंत्रावर आहे. काढून तपासायला पाठवावी लागेल. तपासल्याशिवाय मी तुम्हाला चांगलं-वाईट काहीच सांगणार नाही. कधी करायचं?"

"मे महिन्यात," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. "बाई, मी लग्नाची तारीख विचारत नाही."

मी त्यांना योजना समजावून सांगितली. ते ऐकत राहिले. हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. एवढंच म्हणाले, की निदान तोवर एक शब्दही बोलू नका, कुजबुजूसुद्धा नका, आणि पंधरा दिवसांत परत या. येताना बसमध्ये मी खिडकीशी बसले. शेजारच्या बाईनं कुठं उतरणार म्हणून विचारलं, मी हात हलवला. तिनं मला मुकी समजून पर्स सावरली.

मग मला ती युक्ती सुचली. स्पर्धा हजेरीची होती, बोलण्याची नव्हती. मी शाळेत जाईन आणि बोलणार नाही. सोमवारी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'बाईंचा घसा दुखतो. बाई बोलणार नाहीत. बाई लिहितील.' दुसरीतल्या ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तिसरीतल्यांनी वाचून दाखवलं. मी टाळी वाजवून गप्प बसवायचे, बोटानं उभं करायचे, खडूनं शिकवायचे. मोठ्या गुरुजींना आणि तरुण बाईला सांगितलं, नुसता घसा आहे, विश्रांती दिली की बरा होईल. गाठीचं सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिले दोन-तीन दिवस मुलांना मजा वाटली. नंतर वर्ग हळूहळू बदलला. आधी बोलणं कमी झालं, मग कुजबुज आली, मग तीही थांबली. दोन वर्ग एका खोलीत, आणि नुसता पलीकडच्या मशिनांचा आवाज. मी वर्गाकडे पाठ करून लिहायचे आणि मागे काही हालचाल नसायची. सात-आठ वर्षांची मुलं इतकी शांत बसत नाहीत. मला मागे वळून बघायची भीती वाटायला लागली.

नेमके पुढच्याच आठवड्यात केंद्रप्रमुख भेटीला आले. दारात थांबले, आत पाहिलं आणि भारावून गेले. "वा, बाई. अशी शिस्त मी उभ्या केंद्रात बघितली न्हाय," असं म्हणून त्यांनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांचा पाऊस पडला. फोटोत माझी मुलं हाताची घडी घालून, ओठ मिटून बसलेली दिसत होती. पहिल्या बाकावर एक मुलगी होती, तिनं ओठ नुसते मिटले नव्हते, आत ओढून दातांनी धरले होते. मी तो फोटो मोठा करून बघितला आणि मोबाइल पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीची आई शाळेत आली. हे कुटुंब इचलकरंजीहून आलेलं. तिथे नवरा-बायको दोघं यंत्रमागावर होते, इथे नवरा फाउंड्रीत लागला. बाई दणदणीत आवाजाची. व्हरांड्यातूनच बोलायला लागली.

"बाई, आमची पोरगी बोलंना झालीया. आमी मागावरची माणसं, घरात समदी वरडूनच बोलत्यात. ही सगळ्यात जास्त वराडायची. आता चार-पाच दीस झालं, तोंडातनं सबूद न्हाय. मान हलीवती नुसती. भूक लागली तरी ताट वाजीवती. आजीनं नजर काढली. कुणी मारलं काय शाळंत? खरं सांगा."

मी मानेनं नाही म्हणाले. मग तिला कळलं की मीही बोलत नाही, आणि ती एक पाऊल मागे सरली.

"म्हंजे खरंच हाय म्हनायचं," ती एकदम हळू आवाजात म्हणाली. "काल लई मारलं तवा कानात सांगितलं तिनं. म्हनली, आवाज संपतोय. बाईंचा बोलून बोलून संपला. माझा मी ठिवतो जपून."

मी तिथेच पायरीवर बसले. एवढी भीती मला पडद्यावरची गाठ बघूनही वाटली नव्हती. मी एकटीच घाबरले आहे आणि ती घबराट मी छान लपवली आहे, अशा भ्रमात मी होते. ती वर्गात बसलेल्या प्रत्येक पोराच्या घशात जाऊन बसली होती.

मी वर्गात गेले. मुलगी पहिल्या बाकावर होती. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठवत होतं, तरी मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "आवाज संपत नसतो, बाळा." म्हणजे, म्हणायला गेले. बाहेर आला तो भांडं घासल्यासारखा एक आवाज, त्यात मधलेच एक-दोन शब्द. मुलीनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. तिला जे वाटत होतं त्याचा पुरावा मीच नेऊन दिला होता.

मी उठले, ऑफिसमध्ये गेले आणि कागद घेऊन रजेचा अर्ज लिहिला. खाली कारणात गाठ लिहिली, शस्त्रक्रिया लिहिली. मोठ्या गुरुजींनी तो वाचला. मग विचारलं, "परीक्षा हुईपर्यंत थांबता येतंय काय, बाई?" आणि लगेच स्वतःच्याच कपाळाला हात लावला. "मी काय विचारतोय. जावा. आजच जावा. खुळं केलं आपल्याला त्या संडासानं." त्यांनी सही केली. तरुण बाई दारात उभी होती. ती म्हणाली, "घ्या की बाई, तब्येत आधी." पण बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी गेट ओलांडेपर्यंत ती व्हरांड्यात पाठ करून उभी होती. मला तिचा राग आला नाही. तिला अजूनही रोज पाणी न पिताच दिवस काढायचा होता.

गाठ काढली. तपासणीचा निकाल यायचा होता, त्या दिवसांबद्दल मला फार लिहिता येत नाही. बोलायला बंदी होतीच. पडून राहायचे, आणि वडिलांचा मफलर डोळ्यांसमोर यायचा. मालक कामावरून आले की दारातच थांबून माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवली की आत यायचे. एकदा मला वाटलं, कॅन्सर असेल तर तो शब्द निदान माझ्या तोंडानं मला म्हणता यावा. मग वाटलं, नको, तेवढाही आवाज त्यावर घालवायला नको. म्हणजे ती मुलगी जो हिशेब करत होती तोच मी करत होते.

निकाल चांगला निघाला. गाठ ओरडून ओरडून झालेली होती, दुसरं काही नव्हतं. मालकांनी तो कागद दोनदा वाचला आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. पण डॉक्टरांनी मला मोकळं सोडलं नाही. म्हणाले, आवाज पहिल्यासारखा होणार नाही. जपून वापरला तर राहील. तसंच ओरडत राहिलात तर गाठ पुन्हा येईल, आणि दर वेळी काढताना थोडा आवाज जाईल. तेव्हापासून मी भीत भीतच बोलते. घरी, बाजारात, फोनवर. वाक्य सुरू करण्याआधी बघते, ते खरंच लागतं का.

संडास पलीकडच्या गावच्या शाळेला मिळाला. ग्रुपवर उद्घाटनाचा फोटो आला. मोठ्या गुरुजींनी त्याखाली 'अभिनंदन' लिहिलं. आम्ही दोघींनी काही लिहिलं नाही.

मी परत रुजू झाले त्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तेव्हा मुलं उठून उभी राहिली. नमस्ते कुणी म्हटलं नाही. सगळी माझ्या गळ्याकडे बघत होती. पलीकडे मशिनं चालू होती. मी टेबलाशी उभी राहिले आणि माझ्या नव्या, बारीक, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बसा." मागच्या बाकांपर्यंत ते पोचलं नाही. पुढची बसली, त्यांचं बघून मागची बसली.

ती मुलगी बसली नाही. बाकाला धरून उभी राहिली. मग इतके दिवस न वापरलेल्या घशानं, अडखळत, तिनं विचारलं, "बाई, आता किती उरलाय?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. भरपूर आहे, असं सांगता आलं असतं. मुलांना आपण अशी खोटी उत्तरं रोज देतो. पण मागच्या वेळी मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसून जे सांगायला गेले होते, त्याचं काय झालं होतं ते तिनंही पाहिलं होतं आणि मीही.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिनं बाकावरचं पुस्तक उचललं, पान काढलं आणि म्हणाली, "मग तुमी गप बसा, बाई. मी वाचतो." आणि ती मागावरच्या माणसांच्या घरात बोलतात तशी, पलीकडच्या मशिनांच्या वर आवाज चढवून, ओरडून वाचायला लागली. तिच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या होत्या. हळू वाच, हळू, असं मी म्हणत होते, आणि ते तिला ऐकू जात नव्हतं.